पटाची जोडी आणि दमणी

कोकणपट्टीतल्या वाचकांना लोधीखेडा हे नाव ठाऊक असण्याचा संभव थोडा. नागपूरहून सावनेरमार्गे उत्तरेस निघाले की महाराष्ट्राची सीमा संपते आणि सौंसर तालुका लागतो. त्यात हे आमचे गाव. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2023 साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा आमचा नवा जिल्हा झाला. घरची बोली मात्र मराठीच राहिली आणि शेतातली संत्र्याची झाडेही जागची हलली नाहीत. वकिली सौंसरला, अपिले जबलपुरास आणि दवाखाना नागपुरास, अशी आमची त्रिस्थळी यात्रा. अशा माणसाला उत्तम मोटार ही चैन नसून गरज आहे, असा युक्तिवाद आम्ही 2017 साली घरात केला आणि जिंकलाही. समोर प्रतिवादी कोणी उभाच राहिला नव्हता, ही गोष्ट तेव्हा ध्यानात आली नाही.

त्या वर्षी स्कोडा कंपनीने ऑक्टाव्हिया आर. एस. नावाची गाडी भारतात अवघ्या पाचशेच्या संख्येत आणली होती. दिसायला चार दारांची, कुटुंबवत्सल. पोटात मात्र 230 अश्वशक्तीचे इंजिन. उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ती सात सेकंदांच्या आत गाठी. पाचशेंतली एक आमच्या दारी आली, तिच्यावर छिंदवाड्याचा एम. पी. 28 हा क्रमांक चढला आणि आमच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर पंचविशी परत आली. जबलपूरच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट लागतो. पहाटे निघून त्या घाटाची वळणे तिच्यासह घेताना जे सुख लाभे, ते एखाद्या अवघड दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागतानाही लाभत नाही. हे आम्ही आजही शपथेवर सांगू.

गाडी प्रथम अंगणात उभी राहिली तेव्हा आई ओट्यावर बसली होती. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "पटाची जोडी आणली का रे, बापू?"

आम्हाला तो गौरव वाटला. विदर्भात आणि आमच्या या सीमेवर शंकरपट म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी दोन शब्द लिहितो. हलक्या गाडीला बैलांची जोडी जुंपून ठरावीक अंतर ती किती सेकंदांत तोडते, हे घड्याळ लावून पाहण्याचा हा खेळ. आमच्या आजोबांची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. पटाच्या बैलांना खुराक निराळा, गोठा निराळा. त्यांना नांगराला जुंपायचे नाही आणि ओझ्यालाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि पुढे महाराष्ट्राने केलेली कायद्यातील दुरुस्ती 18 मे 2023 रोजी घटनापीठाने वैध ठरविली. हे दोन्ही निकाल आम्ही वाचले, त्यांवर मित्रमंडळींत तावातावाने बोललो, आणि दोन्ही वेळा आजोबांची आठवण काढली. आजीची आठवण काढल्याचे स्मरत नाही.

आई त्या गाडीत बसण्याचे टाळी. जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला जायचे असले की "तुझे काम असेल, मी बसने जाते" म्हणे. नागपूरला भाच्याच्या लग्नाला ती बसने गेली. सौंसरपासूनची नागपूर-छिंदवाडा छोटी रेल्वे 2015 साली मोठ्या मार्गासाठी बंद झाली, तेव्हा "आता मी कशाने जाऊ?" असे तिने विचारले होते, तो प्रश्न आम्ही थट्टेवारी नेला होता. गाडीची किंमत ऐकून तिला संकोच वाटत असावा, असा आम्ही आपला सोयीस्कर निष्कर्ष काढला.

ज्यात शहाणपण आहे असे वाटले ती गोष्ट पुढे पुस्तकांतून समजली. मोटारीचे अंग तिच्या स्प्रिंगांवर तोललेले असते. आरामाच्या गाडीचे अंग खड्ड्यानंतर सेकंदाला एक-सव्वा वेळ हेलकावते, म्हणजे जवळजवळ पाळण्यासारखे. वळणावर झुकू नये म्हणून धावण्याच्या गाडीच्या स्प्रिंगा ताठ करतात. तिचा टायरही बसका असतो. आमच्या गाडीचा टायर 225 मिलिमीटर रुंद आणि त्याची उभी भिंत रुंदीच्या 45 टक्के. म्हणजे रस्ता आणि लोखंड यांमध्ये चार बोटांचे रबर. रस्त्यावरचा खडा चालवणाराच्या हाताला कळावा, यासाठीच ही रचना आहे, आणि त्यात गाडीचा यत्किंचितही दोष नाही. पण चालवणाराच्या हाताला जो खडा कळतो, तोच मागे बसणाराच्या कण्याला कळतो. बसलेल्या माणसाच्या पाठीला सेकंदास चार ते आठ वेळांची खडखड सर्वांत जाचते, असे या शास्त्राचे जाणकार सांगतात.

2024 च्या उन्हाळ्यात आईची पाठ धरली. चार दिवस शेकून झाले, लेप झाले. पाचव्या दिवशी आम्ही तिला याच गाडीत घालून नागपूरला नेले. आमची पत्नी मागे तिच्याजवळ बसली होती. आम्ही आपल्या मते अत्यंत सावकाश चालवीत होतो. प्रत्येक गतिरोधकावर मागून "मारुतीराया" एवढेच ऐकू येई. सावनेर ओलांडल्यावर तेही थांबले. आरशात पाहिले तो आईने ओठ दाताखाली धरले होते.

डॉक्टरांनी चित्र पाहून सांगितले की हाडे ठिसूळ झाली असून एक मणका दबून मोडला आहे. त्यांनी विचारले, "पडल्या होत्या का?" आई म्हणाली, "नाही." डॉक्टर म्हणाले, "पडायलाच पाहिजे असे नाही. या वयात गाडीचा एखादा जोराचा दणकासुद्धा पुरतो." आई चटकन म्हणाली, "वय झालं जी, बाकी काही नाही."

वाचकहो, वीस वर्षे साक्षीदारांचे चेहरे पाहण्यात गेलेला हा माणूस आहे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साक्षीदार घाईने देतो तेव्हा तो कुणाला तरी वाचवीत असतो. त्याआधी तीन आठवड्यांपूर्वी आम्ही आग्रह करकरून आईला जामसावळीला नेले होते. परतताना एका अनोळखी गतिरोधकावर गाडी आपटली होती, आणि आम्ही काळजीने खाली उतरून पाहिले होते ते गाडीचे पोट. दोन घटनांमधला संबंध पुराव्याने शाबीत होत नाही; कोणतेही न्यायालय आम्हाला संशयाचा फायदा देईल. एकमेव साक्षीदार साक्ष देणार नाही, आणि तिला विचारण्याचे धैर्य आम्हाला आजवर झालेले नाही.

त्या रात्री दवाखान्यात आईने पत्नीला एक गोष्ट सांगितली; आम्ही झोपलो आहोत असे दोघींना वाटत होते. आजोबांच्या गोठ्यात दोन हजारांची जोडी उभी असे, पण घरात दमणी नव्हती. आजीला माहेरी किंवा देवाला जायचे झाले की ती शेजारच्या पाटलांकडे दमणीसाठी निरोप धाडी. मिळाली तर जाई, नाही तर पायी निघे. "त्यांनी कधी मागितली नाही," आई म्हणाली, "मग मी कशी मागू? ज्याची जोडी त्याची हौस."

म्हणजे 2017 सालच्या त्या प्रश्नाचा अर्थ हा होता. सात वर्षे आम्ही त्याला प्रशस्तिपत्र समजून बाळगले होते.

आरामाच्या मोठ्या गाड्यांविषयी आमचे मत तोवर फारसे चांगले नव्हते. 2010 साली औरंगाबादच्या मंडळींनी एकाच वेळी दीडशेच्या घरात मर्सिडीझ गाड्या घेतल्या, तेव्हा आम्ही त्या बातमीवर मनसोक्त हसलो होतो. ज्याला चालवता येत नाही तो मागे बसतो, असे आमचे सूत्र होते. आता त्याच कंपनीची, पुण्याजवळ चाकणला जुळवलेली, लांब बांध्याची ई-क्लास आम्ही जुनी, पण नीट वापरलेली अशी घेतली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर 3079 मिलिमीटर. पहिल्या गाडीहून फूटभर अधिक. ते सारे मागे बसणाराच्या पायांसाठी खर्ची पडले आहे.

जुनी गाडी नागपूरच्या एका तरुणाने घेतली. राज्य बदलत असल्यामुळे नाहरकत प्रमाणपत्र काढले, हस्तांतराचे अर्ज भरले. नोंदवहीतले नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी जुन्या मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमारच्या प्रकरणात म्हटले आहे. अशिलांना आम्ही हा निकाल नेहमी ऐकवतो. तो तरुण निघाला तेव्हा वळणापर्यंत इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. आम्ही कागद चाळण्याचे निमित्त करून खाली पाहत राहिलो. नोंदवहीतले नाव पुढे यथाकाल बदलले. ती जबाबदारी संपली. दुसरी कुठल्या वहीत नोंदली आहे, ते आम्हाला ठाऊक आहे.

त्याग केला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नव्हे. सिल्लेवानीच्या घाटात आजही उजवा पाय नकळत दाबला जातो, आणि ही जड, शांत गाडी जणू "कशाला?" असे विचारते. हौस मेलेली नाही. देवालाही रथ आणि पालखी दोन्ही लागतात, हे गोव्यातल्या देवळांत पालखीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या वाचकांना आम्ही काय सांगावे? पण रथ ओढायला सारा गाव येतो, आणि पालखीला खांदा घरच्याने द्यावा लागतो.

पाठ बरी झाल्यावर आईला प्रथम जामसावळीलाच नेले. तिथला मारुती उभा नाही, पहुडलेला आहे; वाऱ्याचा पुत्र, आणि निवांत पडून भक्तांची गाऱ्हाणी ऐकतो. जाताना आई वाटेत झोपली. देऊळ आले तरी आम्ही दोन मिनिटे इंजिन बंद करून तसेच बसलो.

जागी झाल्यावर तिने खिडकीतून पाहिले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलो का? कळलंच नाही." मग उतरता उतरता आमच्याकडे न बघता, "दमणी चांगली आहे. पण ते जोडी तुले शोभत होती, बापू."