हळदीच्या गावचे नाटक

सांगली हे आपल्यापैकी बहुतेकांना वाटेवरचे गाव म्हणून ठाऊक असते. नरसोबाच्या वाडीला जाताना, कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाताना, किंवा मिरजेला एखाद्या नातलगाचे ऑपरेशन निघाले म्हणजे सांगली लागते. उतरावे, गणपतीचे दर्शन घ्यावे, भडंगाचे दोन पुडे आणि किलोभर हळद पिशवीत टाकावी आणि पुढे चालू पडावे, एवढाच पुष्कळांचा सांगलीशी संबंध. मी मात्र गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे चांगला पाच दिवस मुक्काम ठोकून राहिलो. निमित्त दोन माणसांचे होते. त्यांतला एक १९०१ साली वारला आणि दुसरा माझा विद्यार्थी आहे.

पहिल्याचे नाव विष्णु अमृत भावे, म्हणजे आपले विष्णुदास. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हे नाव वर्षातून एकदा तरी घ्यावेच लागते. मराठी रंगभूमीचा आरंभ कसा झाला, असे विचारले की मुले डोळे मिटून लिहितात : ५ नोव्हेंबर १८४३, सांगली, ‘सीतास्वयंवर’. आम्हीही बरोबरची खूण करतो आणि पान उलटतो. पण त्या रात्री हे गृहस्थ अवघे चोवीस-पंचवीस वर्षांचे होते, आणि पुढे ते अठ्ठावन्न वर्षे जगले! नाटकमंडळी घेऊन हिंडण्याची वर्षे त्यांत फार तर दहा-बारा. ती मंडळी सोडून ते जे सांगलीला परतले, ते पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तिथेच राहिले. या चाळीस वर्षांवर कुठल्याही परीक्षेत प्रश्न येत नाही.

दुसऱ्याचे नाव मी सांगत नाही. त्याची स्वतःची हरकत नसेल, पण त्याच्या वडिलांची असेल. कॉलेजात हा मुलगा तासाला कमी आणि तालमीला जास्त दिसे. एकांकिका स्पर्धेचे दिवस आले की त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे यायची आणि आवाज बसायचा. पुढे तो मुंबईला गेला. सहा वर्षे काढली. प्रायोगिक नाटके केली, जाहिरातीत पाठमोरा उभा राहिला, मालिकेत वेटर झाला. एका मालिकेत खून झालेला इसम म्हणून दोन दिवस नुसता पडून राहिला. त्याचे पैसे, तो म्हणतो, बोलत्या भूमिकेपेक्षा जास्त मिळाले. आणि एके दिवशी त्याचा फोन आला, “सर, मी सांगलीला परत आलोय. या ना एकदा. तुम्हांला विष्णुदास दाखवतो.”

मनात आले, आता तिथे विष्णुदासांचे दाखवण्यासारखे काय असणार? पण गेलो.

स्टेशनावर तो स्कूटर घेऊन आला होता. हळदीच्या पेठेतून जाताना मी उगाच नाक वर करून वास घेऊ लागलो, तेव्हा तो हसला. “आत्ता नाही सर. हळद निघते ती संक्रांतीनंतर. कार्तिकात वखारी अर्ध्या रिकाम्या असतात.” हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे. त्याचे घराणे हळदीच्या अडतीचे. हरिपूरकडे त्यांची पूर्वी पेवेसुद्धा होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठे अशी विहिरीसारखी जागा. तिथल्या मातीत ओल धरत नसे, म्हणून वर्षानुवर्षे त्यांत हळद टिकत असे. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्यांत शिरले, पुष्कळशी पेवे ढासळली आणि ती सारी व्यवस्थाच मोडली. सांगलीकर सालाची मोजदाद पुरांवर करतात. पंचेचाळीस मिनिटे बोलणे झाले तर त्यांत २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन साले येऊन जातात. आयर्विन पूल १९२९ सालचा. त्या पुलापाशी पाणी किती फूट आहे, हे इथल्या पोरासोरांनाही आषाढ-श्रावणात तोंडपाठ असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाड्याकडे गेलो. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ साली मिरजेच्या चुलत्यांपासून वेगळे होऊन सांगलीला आले आणि हे लहानसे गाव राजधानी झाले. किल्ला त्यांचा, कृष्णाकाठचे काळ्या दगडाचे गणपतीचे देऊळही त्यांचेच. १८४२ साली उत्तर कानडातून भागवत मंडळींचा एक मेळा इथे आला आणि त्याने यक्षगानाच्या धाटणीचे खेळ केले. आप्पासाहेबांना ते आवडले, पण त्यांतला धांगडधिंगा आवडला नाही. असले, पण अधिक नेटके, आपल्या भाषेत कोणी करील काय, असा प्रश्न निघाला आणि काम विष्णूकडे आले. विष्णूचे वडील पटवर्धनांच्याच पदरी होते. मुलगा कविता रचायचा, मूर्ती घडवायचा, लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या करायचा. मध्यमवर्गीय बापाच्या शब्दांत सांगायचे तर रिकामटेकडा.

तो रिकामटेकडेपणा राजाने कामाला लावला. पदे रचणे, माणसे जमवणे, त्यांना शिकवणे, सोंगे सजवणे, सारेच विष्णूला करावे लागले. त्याचे नाटक आजच्या प्रेक्षकाला नाटक वाटेल की नाही, शंकाच आहे. सूत्रधार आरंभापासून शेवटपर्यंत उभा. पदे त्याने म्हणायची, कथा त्याने पुढे न्यायची, मागे साथीदार झांजा आणि मृदंग घेऊन. पात्रांनी मधे मधे आपापल्या बुद्धीने भाषण करायचे, लिहून दिलेले काही नाही. आधी गणपती यायचा, मग मोरावर बसून सरस्वती नाचायची, विदूषक हसवायचा आणि राक्षस आला की आरोळ्यांनी वाडा दणाणायचा. पुढच्या काळातल्या शहाण्या लोकांनी या प्रकाराला ‘तागडथोम’ म्हणून नाक मुरडले. मला ते नाक मुरडणे कधीच पटलेले नाही. तलवारींचा खणखणाट सोडला तर आजही आपण दुसरे काय करतो?

इथे वर्गात एक चलाख विद्यार्थी हात वर करतोच, “पण सर, तंजावरला भोसले राजांनी त्याआधी मराठी नाटके लिहिली होती ना?” लिहिली होती, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून. आणि कोकणात दशावतारी खेळ होतेच. पण तंजावरची नाटके तंजावरात राहिली, दशावतार आपल्या जत्रांत राहिला. सांगलीचे नाटक बैलगाडीत बसले आणि गावोगाव गेले. पुढची परंपरा त्या गाडीच्या चाकोरीतून निघाली, म्हणून पाच नोव्हेंबर हा रंगभूमी दिन.

गाडीत बसले ते काही हौसेने नव्हे. १८५१ साली आप्पासाहेब वारले. दरबाराचा आश्रय संपला आणि तिशी ओलांडलेला हा माणूस नाटकाची सारी माणसे पोसायची कशी, या विवंचनेत पडला. राजाने सांगितले म्हणून ज्याने घरदार नाटकात लोटले, त्याला राजा गेल्यावर विचारणारे कोणी उरले नाही. मंडळी पोटासाठी बाहेर पडली. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. ग्रँट रोडवर जगन्नाथ शंकरशेटांच्या खटपटीने उभ्या राहिलेल्या, इंग्रजी खेळांच्या नाट्यगृहात सांगलीचे राम-लक्ष्मण उभे राहिले. मुंबईच्या मिश्र प्रेक्षकांसाठी त्यांनी गोपीचंदाचे आख्यान हिंदीत केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणजे गावाबाहेर पडल्यावर काय करावे लागते, हे या पहिल्या माणसालाही चुकले नाही. माझा विद्यार्थी तेवढ्यावर म्हणाला, “मीपण एका हिंदी मालिकेत होतो सर. मुडद्याचाच रोल.”

आणि मग परतणे. १८६० नंतर थोड्याच वर्षांत विष्णुदासांनी मंडळीचा संसार आवरला आणि ते सांगलीला आले. चाळिशी नुकती ओलांडलेली. ज्या वयात मी पहिल्यांदा कर्ज काढून ब्लॉक घेतला, त्या वयात या माणसाचे जगाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे सारे करून झाले होते. पुढे १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले, आणि लोक संगीत नाटकाच्या नादी लागले. पाठोपाठ १८८५ साली विष्णुदासांनी आपली आख्याने ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून छापून काढली आणि प्रस्तावनेत आपली हकीकत लिहून ठेवली. मला हा योगायोग वाटत नाही. आपला खेळ जुना होत चालला, हे घरी बसून पाहणाऱ्या माणसाने दप्तर नीट लावून ठेवावे, तसे ते पुस्तक आहे.

तिसऱ्या प्रहरी आम्ही हरिपूरला गेलो. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. दुतर्फा झाडी, पुढे संगमेश्वराचे देऊळ आणि खाली कृष्णा-वारणेचा संगम. गोविंद बल्लाळ देवल इथले, १८५५ सालचे. ‘शारदा’ नाटक देवलांनी इथल्या पारावर बसून लिहिले, असे हरिपूरकर सांगतात. सांगावे त्यांनी, पार खरेच तसा आहे. खाडिलकरांचा जन्म १८७२ साली सांगलीतच. म्हणजे ही मुले नाटकाच्या वेडाने झपाटत होती, तेव्हा तो म्हातारा गावात होता. त्यांच्यात कधी काय बोलणे झाले असेल, याचा विचार मी पारावर बसून बराच वेळ करीत राहिलो. विद्यार्थी नदीत खडे मारीत होता.

“तू परत का आलास?” मी विचारले.

“दमलो म्हणून, असं सगळ्यांना सांगतो.”

“आणि खरं?”

तो जरा थांबला. “तिथं मी दुसऱ्यांच्या कामात होतो सर. चांगली कामं होती काही. पण रात्री लोकलमधून घरी जाताना काय करायचंय ते आठवायचं, आणि सकाळी विसरायचं.”

मग त्याने त्याचा बेत सांगितला. ‘सीतास्वयंवरा’चा खेळ, अर्धा माणसांनी आणि अर्धा बाहुल्यांनी करायचा. विष्णुदासांच्या मूळ बाहुल्यांपैकी काही टिकून राहिल्या आणि रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्या पुन्हा नाचवल्या, हे वाचून त्याच्या डोक्यात हे शिरले. त्यासाठी तो कुडाळजवळ पिंगुळीला पंधरा दिवस राहून आला. तिथले ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. दोऱ्या कशा धरायच्या, हे शिकताना याची बोटे सोलवटली. “नाटकात हात कुठं ठेवायचे हा माझा कायमचा घोळ होता सर. तिथं कळलं, हात म्हणजे काय ते!”

रात्री त्यांच्याकडे जेवण. आईने पानात सांज्याच्या पोळ्या वाढल्या आणि वडिलांनी तोंड उघडले. “सर, तुम्हीच सांगा याला काहीतरी. पोरगा मुंबईस्नं परत आला, म्हणजे नाटक सुटलं असं समजून आम्ही गणपतीला नारळ फोडला. तर हा तिथलं नाटक इथं घेऊन आला!”

आई म्हणाली, “अहो, जेवू द्या की त्यांना.”

“जेवा, जेवा. पण त्या मालिकेचं विचारा त्याला.”

मालिकेचे मला ठाऊक नव्हते. मुंबईहून बोलावणे आले होते, नायकाच्या धाकट्या भावाचे. या खेपेला जिवंत राहायचे, रोज दिसायचे. सोमवारपर्यंत होकार हवा. मुलगा पोळीचा तुकडा मोडीत खाली पाहत होता. गंमत अशी, की जे वडील नाटक सुटल्याचा नारळ फोडून मोकळे झाले होते, त्यांनाच ही मालिका हवी होती. टीव्हीवर दिसणारा मुलगा पेठेत सांगता येतो. वखारीत बाहुल्या नाचवणारा कसा सांगायचा? मला त्यांचा राग आला नाही. अमृतराव भाव्यांनीही शेजाऱ्यांना काय सांगितले असेल कोण जाणे.

“सर, तुम्ही काय केलं असतं?” मला रिक्षापर्यंत पोचवायला आला तेव्हा त्याने विचारले.

“मी कधी कुठे गेलोच नाही रे. एका गावात शिकलो आणि तिथेच शिकवतो. माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तूच ठरव. पण त्या म्हाताऱ्याची चाळीस वर्षे वाया गेली, असं मला वाटत नाही.”

“आणि वाया गेली असली तर?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. रिक्षावालाही घाई करीत होता.

पाच नोव्हेंबरला सकाळी विष्णुदासांच्या नावाच्या नाट्यमंदिरात हार-नारळ, भाषणे वगैरे असते. त्यांच्या नावाचे गौरवपदक इथे देतात, ते बालगंधर्वांसारख्यांना मिळालेले आहे. १९४३ साली रंगभूमीची शताब्दी या गावाने केवढ्या थाटात साजरी केली, ते सांगणारे घरोघर भेटतात. ऐकलेले सांगतात, पण पाहिल्यासारखे सांगतात. मला मात्र त्या दिवशी संध्याकाळी वखारीत बोलावणे होते.

कार्तिकातली अर्धी रिकामी वखार. एका बाजूला जुन्या हळदीची पोती थप्पीला लावलेली, त्यांवर पोरे चढून बसली होती. पेठेतले दहा-बारा हमाल, शेजारच्या बायका, त्याच्या शाळेतले एक मास्तर, एवढा प्रेक्षक. राम म्हणून एक बँकेतला कारकून होता, आवाज मात्र फार सुरेख. सीता बाहुली होती. धनुष्य मोडायचे त्या क्षणी दोरी अडकली, सीता पुढे येईना, राम वरमाला घालून घ्यायला वाकून उभा राहिला तो उभाच! पोत्यांवरून पोरे ओरडली, “आली, आली, ओढा!” सूत्रधार झालेल्या आमच्या विद्यार्थ्याने तिथल्या तिथे पद थांबवले आणि सीता लाजते आहे, तिला धीर द्या, असे प्रेक्षकांनाच सांगितले. सारी वखार टाळ्या देऊ लागली आणि त्या टाळ्यांच्या तालावर सीता एकेक पाऊल टाकीत आली. लिहून दिलेले भाषण नव्हतेच, त्यामुळे विसरण्याची भीती नव्हती. मी पुस्तकातून जे वीस वर्षे शिकवले, ते पहिल्यांदा पाहिले.

वडील दारात काट्याला टेकून उभे होते. आत आले नाहीत, गेलेही नाहीत. खेळ संपल्यावर हमालांपैकी एक म्हातारा त्यांना काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आले नाही. मग ते मुलाकडे आले. त्याचे धोतर, पाय, हात, सारे जमिनीवरच्या हळदीने पिवळे झाले होते.

“ही जागा सोमवारी मला मोकळी पाहिजे,” ते म्हणाले. “गुजरातची गाडी यायची आहे. मंगळवारनंतर परत काय करायचं ते करा.”