ताक कुणी ठरवायचं?

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो आणि म्हणताना थोडं हसतो. हे हसू ज्याचं तोंड पोळलेलं नाही त्याचं असतं. म्हणीत एक प्रेक्षक गृहीत धरलाय, शेजारी बसलेला, वाटीत ताकच आहे याची खात्री असलेला. फुंकणाऱ्याला ते ठाऊक नसतं असंही नाही. वाटी हातात द्या, गार आहे असं तोच म्हणेल, आणि तरी फुंकर घालेल. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर (पीटीएसडी) हे नाव घातलं, त्याचा गाभा बराचसा असाच आहे. धोका टळलाय हे डोक्याला कळतं, अंगाला पटत नाही.

जे. डी. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’मधला सोळा वर्षांचा होल्डन कॉलफिल्ड १९५१पासून बंडखोर म्हणून वाचला जातोय. शाळेतून काढलेला, न्यूयॉर्कभर भटकणारा, दिसेल त्याला ढोंगी ठरवणारा. मला हे वाचन अपुरं वाटतं. धाकटा भाऊ अ‍ॅली ल्युकेमियानं गेला त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डननं गॅरेजच्या काचा मुठीनं फोडल्या. अजूनही त्याला मूठ नीट वळता येत नाही, पावसात हात दुखतो. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर रस्ता ओलांडताना आपण पलीकडे पोचणारच नाही, मध्येच नाहीसे होऊ, अशा भीतीनं त्याला दरदरून घाम फुटतो आणि तो मेलेल्या भावाची विनवणी करतो. याला बंड म्हणायचं तर शब्द फारच सैल करावा लागेल. मला हे पीटीएसडी वाटतं.

यावर आक्षेप येणार, आणि तो नुसता ‘१९८०चं नाव १९५१च्या पुस्तकाला कसं लावता’ एवढाच नाही. त्याला उत्तर सोपं आहे. नाव नंतर आलं, दुखणं आधीपासून होतं. सॅलिंजर स्वतः ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला होता आणि युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गच्या इस्पितळात मनाच्या उपचारांसाठी राहिला होता. खरी अडचण वेगळी. पुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीनुसार जवळच्या माणसाच्या मृत्यूची नुसती बातमी आघात म्हणून धरायची, तर तो मृत्यू हिंसक किंवा अपघाती असावा लागतो. ल्युकेमिया त्यात बसत नाही. मग दुःख मोठं, पण निदान बाद? इथे जेम्स कॅसल आठवतो. टारगट पोरांनी छळलेला हा मुलगा वसतिगृहाच्या खिडकीतून उडी मारतो. होल्डन अंघोळ करत असतो, काहीतरी पडल्याचा आवाज ऐकतो, रेडिओ पडला असेल असं त्याला वाटतं. खाली धावतो तर दगडी पायऱ्यांवर दात आणि रक्त, कुणी जवळ जायला तयार नाही, आणि मेलेल्या पोराच्या अंगावर होल्डननंच वापरायला दिलेला स्वेटर. हे पुस्तिकेतही बसतं. सगळे अ‍ॅलीबद्दल बोलतात, कॅसल मात्र अडगळीत पडतो.

इथवर माझं म्हणणं मला पक्कं वाटत होतं. पण होल्डनचं ताक फुंकणं शोधताना त्याची मैत्रीण जेन गॅलघर आडवी येते. तिला फोन करावा असं त्याला पुस्तकभर वाटत राहतं, आणि मूड नाही म्हणून तो टाळत राहतो. हा माझ्या बाजूचा चांगला पुरावा. मात्र जेनच्या घरी दारुडा सावत्र बाप आहे, मुलगी समोर असताना घरात नागडा फिरणारा. व्हरांड्यात दोघं चेकर्स खेळत असताना हा बाप येऊन सिगरेटी कुठं आहेत विचारतो. जेन मान वर करत नाही, उत्तर देत नाही. तो गेल्यावर तिच्या डोळ्यातून एक थेंब पटाच्या लाल घरावर पडतो, आणि ती तो बोटानं पटावरच चोळून टाकते. तो तुझ्या वाटेला गेला होता का, असं होल्डन नंतर विचारतो. ती नाही म्हणते. चेकर्स खेळताना किंग झालेल्या सोंगट्या ती शेवटच्या रांगेतून हलवत नाही, रांगेत छान दिसतात म्हणून. होल्डन हे कौतुकानं सांगतो, वाचकही कौतुकानं वाचतो.

आता यात आघात बघणं म्हणजे दिसेल त्या गोष्टीला रोग चिकटवणं, असं कुणी म्हणेल, आणि ते खोडून काढणं मला जमत नाही. ती नाही म्हणालीय. सोंगट्या खरंच छान दिसत असतील. होल्डनचं निदान होऊ शकतं, कारण तो दोनशेहून अधिक पानं बोलतो. जेनची वाटी आपण पाहिलेलीच नाही, आणि तिच्या घरात तर धोका टळलेलाही नाही. तिथे फुंकर घालणं हा आजार की शहाणपण? हाच प्रश्न मग होल्डनकडेही वळतो. भाऊ गेलेल्या, वर्गमित्र पायऱ्यांवर पडलेला पाहिलेल्या पोरानं जगाला ताक समजावं, हे आपण कशाच्या जोरावर सांगणार? पीटीएसडी हे निदान मी मागे घेत नाही, पण ते आता पहिल्याइतक्या ठामपणे करवत नाही. पुस्तक घरात असेल तर अकरावं प्रकरण काढा, आणि यावेळी होल्डनला बाजूला ठेवून वाचा.