घाटापुरता सोबती

नाशिकची गाडी आमच्या शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्याला हमखास रेंगाळते. मेमध्ये खिडकीशी पळसाच्या द्रोणातली करवंदं येतात. ती तोंडात टाकेपर्यंत मागून हलका धक्का बसतो: बँकर लागला. थळघाट चढताना गाडीला पाठून लोटणारी ही इंजिनं इगतपुरीला सुटतात आणि निमूट खाली परततात.

दीडएकशे वर्षांपूर्वी याच घाटातून काही आफ्रिकन मुलं वर गेली. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने त्यांना सोडवलं आणि मुंबईला उतरवलं. तिथून त्यांची रवानगी झाली नाशिकजवळच्या शरणपूरला. चर्च मिशनरी सोसायटीने 1850 च्या दशकात वसवलेली ती मराठी ख्रिस्ती वस्ती. मुलांत याओ जमातीची होती, तशी इथिओपियाकडची ओरोमोही. गोरे त्यांना ‘गल्ला’ म्हणत. ते लोक स्वतःला ओरोमोच म्हणवतात. सुतारकी, लोहारकी शिकत ही पोरं मराठी माणसांच्या देवळात गुडघे टेकू लागली. छप्पर यजमानांचं, घंटाही त्यांचीच. आईने ज्या बोलीत हाक मारली, ती बोली त्या छपराखाली कुणाला कळणार?

पावसाळ्याच्या तोंडी आमच्या शाळेत दिंडी उतरायची. रात्रभर वर्गात टाळ वाजत, पडवीत चुली पेटत. सकाळी आम्ही जाऊन पाहावं तर जमीन झाडलेली आणि फळ्यावरचं आमचं अर्धं गणित जसंच्या तसं. दुसऱ्याच्या घरात राहण्याची ही रीत. पण दिंडीला अभंग तरी स्वतःचे होते, आणि पुढे पंढरपूर होतं.

शरणपूरच्या लेकरांना पुढचा मुक्काम उशिरा दिसला. 1865 मध्ये आफ्रिकेचे शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन यांनी त्यांच्यातल्या काहींना सोबतीला निवडलं. मग 1874 मध्ये शरणपूरचेच पाद्री प्राईस आफ्रिकेतल्या मोंबासाला निघाले आणि तिथे फ्रियरटाउन वसलं. नाशिकला वाढलेले कितीतरी जण त्या गावचे झाले. तिथे एक घंटा टांगली होती. गुलाम पकडणारे आले की ती वाजायची. तो भाग आजही केंगेलेनी म्हणून ओळखला जातो. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा.

इगतपुरी येते. बँकर सुटतो. गाडीला कळतही नाही.