पट्टा ओढून बघा की

२०१९ च्या शेवटी जुनी गाडी शोधायला लागलो तेव्हा माझी एकच अट होती : एमएच ०९ आणि एमएच १०, म्हणजे कोल्हापूर-सांगलीचं पासिंग नको. ऑगस्टचा महापूर ताजा होता. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेली होती. तिकडच्या बुडालेल्या गाड्या आता धुऊनपुसून पुण्यात येणार, असं जो तो म्हणत होता. मीही म्हणत होतो.

सांगलीचे एक निवृत्त शिक्षक मुलाकडे आले होते, ते गाडी दाखवायला आले. पासिंग बघून मी दारसुद्धा उघडलं नाही. "पुरातली असणार," असं त्यांच्या तोंडावर म्हणालो. पाणी चढायच्या आदल्या दिवशीच गाडी मिरजेला भावाच्या दारात नेऊन लावली होती, हे ते शांतपणे सांगत होते. "पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा की. मॅटिंग उचला. मी थांबतो." मी थांबलो नाही. ज्यांच्या घरात कंबरभर पाणी होतं, त्या माणसाला मी भर रस्त्यात खोटं ठरवलं. फोनमध्ये त्यांचा नंबर 'सांगली पूरवाला' या नावाने ठेवला होता.

महिन्याभरात पुण्याचीच एमएच १२ घेतली. मालक सहकारनगरचे, मेव्हण्याच्या ओळखीतले. गाडी लख्ख, आत अत्तरासारखा वास. इंजिनाचा आवाज ऐकला, टायर पाहिले, पैसे दिले.

जूनमध्ये काच मध्येच अडकायला लागली. एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. गॅरेजवाल्याने काही न बोलता सीटबेल्ट धरला आणि ओढत गेला. आपण लावताना जेवढा ओढतो, त्याच्या पुढचा पट्टा मी कधी पाहिलाच नव्हता. काळा पट्टा शेवटाकडे मातकट होत गेला आणि एका ठिकाणी आडवी रेघ उमटलेली दिसली. त्याने तिथे नख घासलं. नखात बारीक गाळ आला. शिक्षकांनी मला हेच करायला सांगितलं होतं. मग सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट, सगळे गंजलेले. मॅटिंगखालचा फोम दाबला तर कुबट वास. सीटखालचा कपलर सोडवला, पिनांवर हिरवट थर. असा गंज हळूहळू वाढतो, म्हणून गाडी विकताना सगळं चालू असतं आणि काही महिन्यांनी एकेक बंद पडत जातं.

"गाडी उभी कुठं असायची?" त्याने विचारलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये. आंबिल ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या ओढ्याला पूर आला, माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. ते फोटो मी स्वतः लोकांना पाठवले होते. तरी हा प्रश्न सहकारनगरच्या गृहस्थांना विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारला नसता, त्यांना वाईट वाटेल म्हणून. शिक्षकांना वाईट वाटेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी गाडी पारखत नव्हतो, माणसं पारखत होतो, आणि तीही नंबरप्लेट बघून. याची लाज मला गेलेल्या पैशांपेक्षा जास्त वाटते.

रात्री कागद काढले. पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य. पाच वर्षं जुन्या गाडीला शून्य बोनस म्हणजे बहुधा आदल्या वर्षी क्लेम झालेला. अपघाताचाही असू शकतो, पण विचारायला तरी हवं होतं. हा कागद व्यवहाराच्या दिवशी माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांना फोन लावला आणि माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांची गाडी जानेवारीतच मिरजेच्या एका डॉक्टरांनी घेतली होती, कुरकुर न करता चालते आहे, म्हणाले.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ती पावसाळ्यात कुठे उभी होती ते विचारा, पासिंग कुठलंही असो. आणि पट्टा शेवटपर्यंत ओढा.