उडून जाणारा शब्द

आम्ही पुण्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. इंग्रजीतल्या 'व्होलाटाइल'ला मराठीत बाष्पनशील म्हणतात, उर्दूत तैरान-पज़ीर. इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ उडण्याचे, अरबी 'तैरान' म्हणजेही उडणेच. मुलींच्या तळहातावर आम्ही स्पिरिटचा थेंब टाकतो. गार लागते आणि थेंब नाहीसा होतो. पाणी १०० अंशांना उकळते, स्पिरिटमधले अल्कोहोल ७८ लाच.

वर्गाबाहेर हाच शब्द पैशाचा होतो. कांद्याचे भाव, शेअर बाजार, पेट्रोल. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोलचे भाव रोज ठरवण्याची पद्धत आली, तेव्हा जे उडून जाते त्याचा भावही उडू लागला, असे आम्ही गमतीने सांगायचो.

मग एका मुलीने इंग्रजी वर्तमानपत्राचे कात्रण आणले. त्यात आमच्यासारख्याच एका वस्तीला 'व्होलाटाइल' म्हटले होते. तिने विचारले, "टीचर, अपना मोहल्ला उड जाएगा क्या?" वर्ग हसला. आम्हाला हसता आले नाही.

आम्ही म्हणालो, "बेटा, स्पिरिट आपोआप पेटत नाही. कुणीतरी काडी लावावी लागते." पण एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. अफवा ऐकून भडकणारे आमच्यातही आहेत. म्हणून अत्तराची गोष्ट सांगितली. गुलाबाचा सुगंध उडून जाणाराच, पण अत्तरवाले तो चंदनाच्या तेलात उतरवतात आणि तो टिकतो.

"मग आपलं चंदन कोणतं?" तिने विचारले. तास संपल्याची घंटा झाली होती. आम्ही वर्गातच थांबलो.