गाडीतली वळकटी

महाळुंग्यात राहणाऱ्याला गाड्यांचे नवल वाटत नाही. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात दुचाकीपासून महागड्या मोटारीपर्यंत सारे काही बनते, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर रात्रंदिवस ट्रकांची रांग असते. गाडीत राहायचे कसे, हे मात्र आम्ही त्या रांगेतल्या ट्रकचालकांकडून शिकलो. सीटमागे अरुंद फळी, फळीवर वळकटी, बाजूच्या पेटीत स्टोव्ह आणि पातेले, शेजारी पाण्याचा कॅन. माल पोचेपर्यंत तेच त्यांचे घर. सकाळी वळकटी गुंडाळली की ट्रक पुन्हा ट्रक.

आमच्या घरी ही गरज अम्मींमुळे निर्माण झाली. अम्मींचे माहेर म्हसळ्याचे. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या खाला, अजून तिथेच असतात. गुडघे आणि पाठ दुखू लागल्यापासून चार वर्षे अम्मींनी प्रवासच सोडला होता. लग्नाची दावत येवो की ईदचे बोलावणे, त्यांचे उत्तर ठरलेले: "तुम्ही जाऊन या, माझा सलाम सांगा." दोघी बहिणींची भेट व्हायची ती फक्त फोनवर.

पाठदुखी हे कारण खरे होते, पण अर्धेच. उरलेले अर्धे आमच्या मुलीने आजीकडून काढून घेतले. वाटेत स्वच्छ संडास मिळेल की नाही याची खात्री नसते, म्हणून अम्मी निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे कमी करत. मधुमेह असलेल्या बाईने दिवसभर घोटभर पाण्यावर काढायचे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. घरोघरच्या बायका प्रवासात हेच करतात आणि कुणाला सांगत नाहीत.

तेव्हा आमच्यापुढे तीन गोष्टी आल्या: पाठ टेकायला जागा, आडोसा आणि पाणी.

आमची गाडी सात आसनी अर्टिगा. आठवडाभर ती शाळेला जाते, बाजाराला जाते, शेजारच्या कुणाला दवाखान्यात न्यायलाही तीच लागते. त्यामुळे तिच्यात काही कायमचे बसवणे शक्य नव्हते. कायद्यानेही ते योग्य नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. आपल्या राज्याने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण ते पलंग-स्वयंपाकघर असलेल्या मोठ्या गाड्यांसाठी. आमचा विचार साधा होता. एकही आसन काढायचे नाही, एकही भोक पाडायचे नाही. घालावे, काढावे, घरात ठेवून द्यावे.

या गाडीची मधली आणि मागची रांग पुढे पाडता येते. पाडल्यावर मधे उंचसखलपणा राहतो, तो भरून काढायचा एवढेच काम. आठ बाय चार फुटांचा, १२ मिलिमीटर जाडीचा एक प्लायवूड आणला. त्यातून २१ इंच रुंद आणि ४२ इंच लांब अशा तीन फळ्या कापून घेतल्या. बिजागऱ्यांनी त्या एकमेकींना जोडल्या. उघडल्या की सव्वापाच फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद बिछाना होतो. अम्मींना तो पुरून उरतो.

पायांसाठी लाकूड भंगाराच्या दुकानात मिळाले. आमच्या भागात कंपन्यांतून बाहेर पडणारे पॅलेट ढिगाने असतात. ते घेताना लाकडावरचा शिक्का जरूर पाहावा. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेले असते. 'एमबी' असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. ते घरात किंवा गाडीत आणू नये. प्रत्येक फळीचे पाय वेगळ्या उंचीचे झाले, कारण गाडीची जमीनच तशी. सुताराकडे जाण्याआधी पुठ्ठ्याचे पाय करून मापे बसवली. पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, म्हणजे फळी सरकत नाही आणि गाडीला ओरखडा येत नाही.

फोमची गादी दुकानात होती, पण अम्मींना कापसाचीच हवी होती. पिंजाऱ्याकडून तीन घड्यांची पातळ गादी भरून घेतली, वर घरची गोधडी. खिडक्यांना इलॅस्टिकच्या दोरीवर जुन्या ओढण्यांचे पडदे लावले. मच्छरदाणीच्या कडेला लहान लोहचुंबक शिवले. ती दाराच्या पत्र्याला आपोआप चिकटते. औषधांच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची आणली. मागचा दरवाजा वर उचलला की त्याला दोन चादरी अडकवायच्या, झाला आडोसा. खाली पिशवी लावलेले भांडे असते आणि पिशवी बांधून घरी आणली जाते. रस्त्यावर काही टाकले जात नाही. हे सारे मिळून सात हजार रुपयांच्या आत झाले. त्यातली सर्वांत मोलाची वस्तू ती खुर्ची.

पाण्यासाठी तोटीचा २० लिटरचा कॅन आणि एक बधना. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे आजच्या मापाने लिटरभराच्याही आत, वजू करीत असे हदीसमध्ये येते. घरी नळ सोडून वजू करणारी आमची मुले या कॅनमुळे ते प्रत्यक्षात शिकली.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही म्हसळ्याला निघालो. तळेगाव, खोपोली, पाली, वाकण, माणगाव असा रस्ता. गाडी चालू असताना कुणीही आडवे व्हायचे नाही, हा नियम पक्का होता. सगळे बसून, पट्टे लावून; फळ्या मागे तळाशी पट्ट्याने घट्ट बांधलेल्या. दर दीड तासाने सावली पाहून थांबायचे, मधली रांग पाडायची, फळ्या उघडायच्या. अम्मी अर्धा तास पाठ टेकत. सुरुवातीला बिछाना घालायला पंधरा मिनिटे लागली, परतीला मुले सहा मिनिटांत घालू लागली.

नमाजही तिथेच. ४८ मैलांहून, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरहून लांबचा प्रवास असल्याने चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन झाल्या. आम्ही हनफी, अम्मी माहेरच्या, कोकणातल्या रिवाजाने शाफई. त्यांच्याकडे प्रवासात जुहर आणि असर एकत्र अदा करता येते, आमच्याकडे नाही. त्यामुळे असरला आम्ही पुन्हा थांबलो आणि अम्मी बिछान्याच्या कडेला बसून तस्बीह ओढत राहिल्या. एका गाडीत दोन मसलक सुखाने बसले.

पालीच्या पुढे अम्मींनी स्वतःहून पाण्याची बाटली मागितली. कुणी काही बोलले नाही, पण आरशात आम्ही एकमेकांकडे पाहिले.

खालांच्या घराला उंच ओटा आणि संडास परसात. अम्मींना रात्रीची ती चढउतार जमणारी नव्हती. म्हणून गाडी अंगणात लावून बिछाना घातला. खाला म्हणाल्या, "मग मी पण इथेच आपांजवळ." दोघी साडेतीन फुटांत निजल्या. रात्री उशिरापर्यंत पडद्यामागून बोलणे ऐकू येत होते. मधेच हसणे, मधेच बराच वेळ शांतता. चार वर्षांचे बोलणे होते.

असे काही करू पाहणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. गाडीत झोपताना काचा दोन बोटे उघड्या ठेवाव्यात. एसीसाठी इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. त्याच कारणाने चहासुद्धा बाहेर, गाडीपासून दूर करावा. उन्हात उभ्या गाडीत मुलांना किंवा वृद्धांना क्षणभरही एकटे सोडू नये. गाडी सीएनजीची असेल तर टाकी मागे असते. मापे तिला धरूनच घ्यावीत, टाकीवर वजन ठेवू नये.

आणि सुताराकडे जाण्याआधी, घरातले जे माणूस 'तुम्ही जाऊन या' म्हणते, त्याच्याजवळ निवांत बसावे. त्याची अडचण कळली की माप आपोआप कळते.

आमच्या फळ्या सध्या घरी नाहीत. समोरच्या इमारतीतल्या एका कुटुंबाकडे हीच गाडी आहे; वडिलांना लातूरला न्यायचे म्हणून त्यांनी मागून नेल्या, सोबत खुर्चीही. सूरह अल-माऊनमध्ये वापरायची साधी वस्तूही दुसऱ्याला न देणाऱ्यांविषयी कठोर शब्द आले आहेत. गाडीत ठोकून बसवले असते, तर हे देताच आले नसते. फळ्या परत आल्या की इन्शाअल्लाह अम्मींना पुन्हा म्हसळ्याला न्यायचे आहे. या खेपेला तारीख त्यांनीच ठरवली आहे.