स्केलिगचा खडक

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील केरी परगण्यापासून सुमारे १२ किलोमीटर अंतरावर, अटलांटिक महासागरातून दोन शिखरांचा एक कातळ उभा राहिलेला आहे. त्याचे नाव स्केलिग मायकल. ‘स्केलिग’ ह्या आयरिश शब्दाचा अर्थ कातळ, आणि मायकल म्हणजे आपला महादूत मायकल. बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम २२ हेक्टर. उंची मात्र २१८ मीटर. आज तेथे कायमची मनुष्यवस्ती नाही. तरीही मठजीवनाचा विचार मनात आला की आमची दृष्टी त्या निर्जन कातळाकडे वळते.

हा कातळ तांबूस वालुकाश्माचा आहे. पस्तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी नद्यांनी वाहून आणलेली वाळू दाबाखाली घट्ट झाली, पुढे तिच्या थरांना घड्या पडून डोंगर झाले. समुद्र वर चढला तेव्हा दऱ्या बुडाल्या आणि काही माथे तेवढे पाण्याबाहेर राहिले. त्यांतलाच हा एक. दोन शिखरांच्या मधल्या खिंडीला ‘ख्रिस्ताचे खोगीर’ म्हणतात. बाकी सारी उभी उतरण. एकही वृक्ष नाही, वाहता ओढा नाही.

हवामान मात्र वाटते तितके निर्दय नाही. बेट सुमारे ५२ अक्षांशावर आहे. अटलांटिकच्या पलीकडे त्याच अक्षांशावरील लाब्राडोरचा किनारा हिवाळ्यात गोठतो. येथे मात्र नैर्ऋत्येचे वारे उबदार सागरप्रवाहावरून येत असल्याने बर्फ क्वचितच टिकते. जवळच्या व्हॅलेंशिया वेधशाळेतील नोंदींनुसार जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे ७ अंश, तर ऐन उन्हाळ्यातले १५ अंश. वर्षाचा पाऊस सुमारे दीड हजार मिलिमीटर. आपल्या कोकणपट्टीत पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तेथे तो बारा महिने झिमझिमत राहतो. खरी परीक्षा वाऱ्याची आणि लाटांची. एकदा तर एका लाटेने समुद्रसपाटीपासून ५० मीटरांहून उंच असलेल्या दीपगृहाच्या काचा फोडल्या होत्या.

अशा ठिकाणी सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान काही संन्यासी येऊन राहिले. एका वेळी ते बारा-तेरांहून अधिक नसावेत. त्यांनी जागा निवडली ती मोठ्या विचाराने: ईशान्येकडील शिखराच्या बाजूस, सुमारे १८० मीटर उंचीवर, जेथे नैर्ऋत्येच्या वाऱ्याला डोंगराचाच आडोसा होतो. उतारावर दगडी बांध घालून त्यांनी सपाट पायऱ्या तयार केल्या, भाजीपाला पिकवला, पावसाचे पाणी कुंडांत साठविले. चुना न वापरता, दगडावर दगड किंचित आत सरकवीत त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार खोल्या उभारल्या. त्यांतील सहा आजही उभ्या आहेत. नवव्या शतकात समुद्री लुटारूंनी मठातील एटगल ह्यांस धरून नेले. ते भुकेने आणि तहानेने मरण पावले. तरी मागे राहिलेल्यांनी बेट सोडले नाही.

येथे एक प्रश्न आम्हांस गप्प बसू देत नाही. आमची एक पुतणी कार्मेल मठात गेली, त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी व्याकूळ होऊन विचारले होते, “शाळेत शिकवील, रुग्णांची सेवा करील, तर समजू. पण जाळीआड बसून नुसती प्रार्थना? हे जगापासून पळणे नव्हे काय?” प्रश्न कठोर असला तरी तो मायेतून आला होता, आणि अनेक धर्मग्रामांतील अनेक घरांत तो आजही विचारला जातो. त्याला पोथीतले उत्तर देऊन भागत नाही. आईचे रिकामे झालेले अंगण त्याने भरत नाही.

स्केलिगच्या संन्याशांनी आपले उत्तर दगडात लिहून ठेवले आहे, असे आम्हांस वाटते. बेटावर होडी लागू शकेल अशा जागा तीन: पूर्वेस, दक्षिणेस आणि उत्तरेस. वारा फिरला की एक जागा निरुपयोगी होते, दुसरी उपयोगी पडते. संन्याशांनी ह्या तिन्ही जागांपासून मठापर्यंत पायऱ्या बांधल्या. दक्षिणेकडच्या एकट्या वाटेवरच त्या सहाशेहून अधिक आहेत. ज्याला जगाकडे पाठ फिरवायची आहे, तो एक चोरवाट ठेवून इतर वाटा मोडून टाकतो. ह्यांनी मात्र वारा कोणताही असो, येणाऱ्याला वर येता यावे म्हणून हाडे झिजविली.

बाराव्या-तेराव्या शतकांत हवा अधिक थंड व वादळी होत गेली, आणि मठ किनाऱ्यावरील बॅलिनस्केलिग्स येथे हलला. भाविक मात्र त्यानंतरही शतकानुशतके यात्रेला येत राहिले. १९९६ साली बेटाची गणना जागतिक वारसास्थळांत झाली. आता उन्हाळ्यात मर्यादित होड्या जातात. समुद्र खवळला तर त्याही परततात. शेजारच्या धाकट्या स्केलिगवर हजारो गॅनेट पक्ष्यांची वसाहत गजबजलेली असते, आणि थोरल्या स्केलिगवर संन्याशांच्या पायऱ्यांलगत पफिन पक्षी बिळांत पिले वाढवितात.

प्रार्थनेसाठी दूर गेलेले माणूस आपल्याला अंतरले, असे मानण्याचे कारण नाही. त्याने आपल्यासाठी एखादी पायरी घडवून ठेवलेली असते. आपल्याच आयुष्यात वारा फिरेल, नेहमीच्या जागी होडी लागेनाशी होईल, तेव्हा ती पायरी आपल्या पायाला लागेल. अशा सर्व व्रतस्थांना आणि त्यांना परमेश्वराच्या हाती सोपविणाऱ्या माता-पित्यांना आपण आपल्या रोजच्या प्रार्थनेत स्मरू या.